युद्ध तिकडे, आपण ठाण्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही वीस-पंचवीस जण आहोत. महिन्यातून एकदा भेटतो, एक महिना नौपाड्यात, एक महिना नेरूळला. कुठेतरी युद्ध चालू असताना साध्या माणसाने काय करायचं एवढाच विषय. दर वेळी नवीन कोणी आलं की पहिला अर्धा तास त्याच प्रश्नांत जातो आणि चहा गार होतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. उत्तरं माझी आहेत, सगळ्यांना सगळी पटतील असं नाही.

तुम्ही नक्की करता तरी काय?

वाचतो, भांडतो, पत्रं लिहितो, थोडेफार पैसे जमवतो, आणि वर्षातून दोनतीनदा तलावपाळीला मेणबत्त्या घेऊन तासभर उभे राहतो. बास. यापेक्षा मोठं काही करतो असं कोणी सांगितलं तर तो फेकतोय.

ठाण्यात मेणबत्त्या लावून तिकडचं युद्ध थांबणार आहे का?

नाही. हे पहिल्याच दिवशी सांगतो म्हणजे नंतर कोणी रुसत नाही.

पण "आपण काय करणार" हा प्रश्न आपल्याकडे काही नवीन नाही. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आठवा. १९३८ ला जपानने चीन पेटवला होता, चीनच्या सेनापतीने डॉक्टर पाठवा अशी विनंती केली आणि काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले, त्यात कोटणीस आणि नागपूरचे चोळकर असे दोघं आपल्याकडचे. आपणच तेव्हा गुलाम होतो, स्वतःचं सरकार नाही, सैन्य नाही, तरी मुंबई बंदरातून बोट निघाली. बाकीचे डॉक्टर परत आले, कोटणीस तिकडेच राहिले, आघाडीवर जखमींची ऑपरेशनं करत राहिले, लग्न तिकडेच केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय फक्त ३२. पुढे १९६२ झालं, चीनशी आपलं जे व्हायचं ते झालं. तरी चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणिसांच्या घरच्यांना आवर्जून भेटत आलेत. दोन सरकारांचं फाटलं तरी माणसांमधला हा एक धागा राहिला.

दुसरं म्हणजे कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ ते १९४८, पाचेक हजार पोलिश लोक तिथे छावणीत राहिले, बहुतेक बायका आणि पोरं. सोव्हिएत रशियाने त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे पाठवलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे इथे पोचले. कोल्हापूरच्या लोकांनी दुसरं महायुद्ध थांबवलं का? नाही थांबवलं. पण वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे, आणि २०२२ ला युक्रेनमधून आपली पोरं पोलंडच्या सीमेवर थंडीत अडकली तेव्हा आमच्यातल्या एका कोल्हापूरकर काकांनी हे इतक्या वेळा सांगितलं की आम्हाला पाठ झालं.

आधी आपल्या देशाचं बघा ना. इथले प्रश्न संपले का?

हा प्रश्न रिक्षावाल्यापासून हायकोर्टापर्यंत सगळे विचारतात, खरंच. जुलै २०२५ मध्ये गाझासाठी आझाद मैदानात निदर्शनं करू द्या अशी एका पक्षाची याचिका मुंबई हायकोर्टापुढे आली तेव्हा खंडपीठाने साधारण हेच सुनावलं, की आपल्या देशात प्रश्न कमी आहेत का, त्यांच्याकडे बघा. पुढच्या महिन्यात परवानगी मिळाली आणि निदर्शनं झाली, ते सोडा.

माझा अनुभव असा की जो दुसऱ्याच्या युद्धावर बोलतो तोच बहुतेक वेळा नालेसफाईच्या तक्रारीवरही सही करतो. आणि जो म्हणतो आधी इथलं बघा, तो इथलंही बघत नाही. सगळेच तसे नसतात, पण आमच्या सोसायटीत तरी तसंच आहे.

पहलगाम झालं तेव्हा कुठे होतात?

डोंबिवलीत. २२ एप्रिल २०२५ ला २६ माणसं मारली, त्यात तीन डोंबिवलीची होती, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली, आपल्याच लोकलने जाणारी. आमच्यातले सातआठ जण गेलो होतो. काही बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतंच.

मग मेमध्ये ७ ते १० तारखेला पाकिस्तानशी जे झालं त्यावर आमच्या बैठकीत जोरदार वाजलं. एक जण म्हणाला मारणाऱ्यांना सोडून शांतता कसली, आणि ते बरोबर आहे, खुन्याला शिक्षा नाही ती शांतता नव्हेच. दुसऱ्या बाईंनी पूंछचं काढलं, तिथे तोफगोळ्यांनी आपलेच गावकरी घरात मेले, त्यांची नावं टीव्हीवर किती वेळ होती? तेही बरोबर. दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवायला जड जातं, हात दुखतात अक्षरशः, पण एक सोडली की दुसरीपण खोटी होते असं मला वाटतं.

न्याय्य शांतता म्हणजे काय? गोळीबार थांबला की झालं ना?

सोसायटीचं उदाहरण घ्या. पाण्यावरून ए विंग आणि बी विंगची मारामारी झाली, वॉचमनने सोडवली, सगळे घरी गेले, शांत. पण बी विंगचा पाइप ज्याने कापला तो तसाच मोकळा आणि पाइपही तसाच तुटका. ही शांतता उन्हाळ्यापर्यंत टिकेल. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी याला नाव दिलं, नकारात्मक शांतता, म्हणजे नुसता मार थांबलेला. मार ज्यातून आला ते मुळापासून निघालं तर ती सकारात्मक.

आता खरं उदाहरण. बोस्नियाचं युद्ध १९९५ च्या डेटन कराराने थांबलं, थांबलं हे चांगलंच झालं, पण देशाचे आतल्या आत दोन भाग पडले. स्रेब्रेनित्सात त्याच वर्षी जुलैमध्ये सर्ब फौजेने आठ हजारांच्या वर मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले होते, आणि ते गाव करारात सर्ब भागात गेलं. म्हणजे ज्या आईचा मुलगा मारला तिला घरी परत यायचं तर ज्यांनी मारला त्यांच्याच राज्यात यायचं. कागदावर शांतता आहे, पण त्या आईला विचारा.

दुसरं कोलंबिया, आणि हे मला फार आवडतं म्हणून थोडं लांबवतो. पन्नासेक वर्षं चाललेलं सरकार आणि फार्क बंडखोरांचं युद्ध, २०१६ ला करार झाला, त्यात बंडखोरांनी शस्त्रं टाकायची, जमिनीचा प्रश्न सोडवायचा, गुन्हे कबूल करणाऱ्यांना वेगळ्या न्यायालयात हलकी शिक्षा, असं सगळं. २ ऑक्टोबर २०१६ ला त्यावर जनमत घेतलं आणि "नाही" जिंकलं, ५०.२ टक्क्यांनी! पण बोहाया नावाचं एक गाव आहे, २००२ मध्ये तिथे चर्चमध्ये आसरा घेतलेल्या लोकांवर बंडखोरांचा बॉम्ब पडला होता, त्या गावात ९६ टक्के लोकांनी करारासाठी "हो" म्हटलं. ज्यांनी सगळ्यात जास्त भोगलं ते माफ करायला तयार, आणि राग धरून बसलेले बरेचसे जिथे युद्ध फारसं पोचलं नव्हतं तिकडचे. नंतर करारात बदल करून तो संसदेतून पास केला, तो भाग वेगळा.

म्हणून आम्ही कुठल्याही शांतता योजनेला तीन प्रश्न विचारतो. टेबलावर ज्यांची घरं गेली ते बसलेत का, की त्यांच्या वतीने दुसरेच? घरी परत जायची वाट ठेवलीय का? आणि ज्यांनी गुन्हे केले त्यांची कुठे तरी नोंद होणार आहे का? तिन्हीला पूर्ण हो मी अजून एकाही योजनेत बघितलेलं नाही.

म्हणजे न्याय मिळेपर्यंत युद्ध चालू द्यायचं?

अजिबात नाही. आधी गोळीबार थांबवा, मग भांडा. फक्त थांबल्यावर "संपलं" म्हणून घरी जाऊ नका एवढंच.

तुम्ही कोणाच्या बाजूचे?

हा खरा प्रश्न आहे आणि लोक तो तिसऱ्या बैठकीला विचारतात, चहा झाल्यावर, जिन्यात.

आम्ही झेंडे आणत नाही. मोजपट्टी एकच ठेवायची असं ठरलंय. युनोच्या सनदेत कलम २(४) आहे, दुसऱ्या देशाच्या भूमीवर बळजबरी करायची नाही, आणि १९४९ चे जिनिव्हा करार आहेत, साध्या नागरिकांना, जखमींना, कैद्यांना हात लावायचा नाही. आपण १९५० लाच त्यात सामील झालो, १९६० ला त्यावर कायदा केला. ही पट्टी रशियाला लावायची, इस्रायलला लावायची, हमासलापण लावायची, आणि आपल्यालाही.

सरकारं पट्टी बदलत राहतात. २ मार्च २०२२ ला युक्रेनवर युनोच्या आमसभेत ठराव आला, १४१ देश बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ, आपण तटस्थ. गाझात शस्त्रसंधी करा या ठरावाला डिसेंबर २०२३ ला आपण हो म्हटलं, आणि जून २०२५ ला तशाच ठरावावर परत तटस्थ. त्याची कारणं असतील, तेल असेल, शस्त्रं असतील, दोस्ती असेल. सरकारला ती बघावी लागतात हे मला कळतं. मला बघावी लागत नाहीत, मी नौपाड्यात राहतो.

आता आतलं सांगतो. ठाण्यात बेने इस्रायली ज्यू लोक किती जुने आहेत तुम्हाला माहितीय, इथलं सिनेगॉग १८७९ चं आहे, घरात मराठी बोलणारे, आणि निम्मे नातेवाईक तिकडे इस्रायलला. आणि पुढच्याच स्टेशनांवर मुंब्रा. नोव्हेंबर २०२३ च्या बैठकीला एक आजी आल्या, त्यांची बहीण लोदला असते, आणि मुंब्र्याचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा आला. आजी म्हणाल्या ७ ऑक्टोबरला हमासने बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशे ओलीस नेले, त्याबद्दल इथे कोणी मेणबत्ती लावली का? पोरगा म्हणाला हॉस्पिटलवर बॉम्ब टाकतात त्याचं काय? दोघंही रडवेले, आणि आम्ही बाकीचे पंख्याकडे बघतोय. तो पुढच्या दोन बैठकांना आला नाही. आजी मात्र येत राहिल्या आणि दर वेळी विचारायच्या, तो मुलगा नाही आला का रे.

त्यानंतर नियम केला, प्रत्येकाने आधी आपल्या मेलेल्यांबद्दल बोलायचं आणि कोणी मध्ये "पण" म्हणायचं नाही. आकड्यांची तुलना नंतर. गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीत आकडा पुढे साठ हजारांच्या वर गेला, तो आम्ही वाचला तेव्हा आजी तिथेच बसल्या होत्या आणि उठून गेल्या नाहीत. पोरगापण आता येतो. दोघांचं पटलेलं नाही, शेजारी बसतात.

ज्याच्यावर हल्ला झालाय त्यालाही "शस्त्र खाली ठेव" सांगणार का?

इथे आमच्यात सरळ दोन तट आहेत आणि ते मिटवायचा प्रयत्न मी सोडलाय. सनदेच्या कलम ५१ मध्ये स्वतःचा बचाव करायचा हक्क आहे. युक्रेनच्या माणसाला घरात बसून "अहिंसा ठेवा" सांगणं मला तोंडावर मारल्यासारखं वाटतं. आमच्यातले एक सर्वोदयवाले काका आहेत, वय ८१, ते म्हणतात शस्त्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला युद्ध लांबवायचं असतं, धंदा आहे तो. मी म्हणतो काका, शस्त्र नाही मिळालं तर लांबणार नाही, पण गाव जाईल. ते म्हणतात गाव तर असंही जातंय. मग आम्ही कांदाभजी मागवतो.

एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. लढायला नकार देणाऱ्या माणसाचं, तो कुठल्याही बाजूचा असो, आपण ऐकायचं. आणि आपली जी पोरं नोकरीच्या आमिषाने रशियात नेऊन सैन्यात भरती केली, त्यांच्याबद्दल ओरडायचं. २०२४ मध्ये सीबीआयने त्यावर गुन्हा नोंदवला, काही पोरं मेलीसुद्धा. "हेल्परची नोकरी, सिक्युरिटीची नोकरी, दोन लाख पगार" अशी जाहिरात व्हॉट्सॅपवर दिसली तर कृपा करून पुढे पाठवू नका.

सुदानबद्दल का बोलत नाही?

बोललो. सुदानचं युद्ध १५ एप्रिल २०२३ पासून चालू आहे, एक कोटीच्या वर माणसं घर सोडून पळालीत, जगातलं सगळ्यात मोठं विस्थापन आहे ते. नेरूळला बैठक ठेवली, सहा जण आले, त्यातले दोघं चुकीच्या मजल्यावर आले होते. एकच मोजपट्टी म्हणणाऱ्या आमची ही लायकी. परत ठेवणार आहोत.

युनो काही करत नाही, मग त्याचं कौतुक कशाला?

सुरक्षा परिषदेत पाच जणांना नकाराधिकार आहे. फेब्रुवारी २०२२ ला रशियाने स्वतःविरुद्धचा ठराव स्वतःच पाडला, गाझावरचे ठराव अमेरिकेने पाडले. आरोपीच न्यायाधीश.

पण सगळंच फुकट नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मार्च २०२२ ला रशियाला कारवाई थांबवा सांगितलं, जानेवारी २०२४ ला दक्षिण आफ्रिकेच्या दाव्यावर इस्रायलला नरसंहार होऊ नये म्हणून उपाय करा असा आदेश दिला, आणि दोन्ही वेळा आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी बहुमताबरोबर होते. पहिल्या वेळी तर आपलं सरकार युनोत तटस्थ होतं, हे लक्षात घ्या. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वेगळं, त्याने पुतिन आणि नेतान्याहू दोघांवर वॉरंट काढलंय, पण आपण त्या न्यायालयाचे सदस्यच नाही. पोलीस नसलेलं कोर्ट आहे, मान्य. पण कागद तयार होतो, आणि कागद राहतो.

नवी मुंबईचा याच्याशी काय संबंध?

अहो, नवी मुंबईचाच तर आहे! बेलापूर, नेरूळ, खारघरला जहाजावर जाणारी किती पोरं राहतात मोजा. नोव्हेंबर २०२३ पासून गाझाच्या युद्धावरून येमेनच्या हूथी बंडखोरांचे तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या. ६ मार्च २०२४ ला ट्रू कॉन्फिडन्स जहाजावर तीन खलाशी मेले, बाकीच्या २१ जणांना आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाताने वाचवलं. एप्रिलमध्ये इराणने एमएससी एरीज पकडलं, त्यावर १७ भारतीय होते आणि ते जहाज कुठे येत होतं? न्हावा शेवाला. आमच्यातल्या एका ताईंचा नवरा तेव्हा दुसऱ्या बोटीवर त्याच पट्ट्यात होता, त्या दोन आठवडे झोपल्या नाहीत, आणि "युद्ध तिकडे आहे" हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणायची कोणाची टाप नाही. २०२२ ला सूर्यफुलाचं तेल का भडकलं हे तर वाशीच्या किराणावाल्यालापण माहिती होतं.

आणि बंदर म्हटलं की कामगार आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या ११ मोठ्या बंदरांतल्या साडेतीन हजार कामगारांच्या फेडरेशनने जाहीर केलं की गाझातल्या युद्धासाठीची शस्त्रं आम्ही चढवणार-उतरवणार नाही. किती शस्त्रं थांबली हा हिशोब वेगळा, पण हमाली करणारा माणूस म्हणतो की या पेटीला मी हात लावणार नाही, हे मला कुठल्याही मेणबत्तीपेक्षा जड वाटतं. याला इतिहास आहे. १९७४ ला स्कॉटलंडच्या ईस्ट किलब्राइडमध्ये रोल्स रॉइसच्या कामगारांनी चिलीच्या हवाई दलाची इंजिनं दुरुस्त करायला नकार दिला, कारण तसल्याच विमानांनी आदल्या वर्षी चिलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या महालावर बॉम्ब टाकले होते. इंजिनं चार वर्षं कारखान्याच्या आवारात पडून होती.

पैसे पाठवायचे असतील तर?

कोणाच्या तरी इन्स्टाग्रामवरच्या क्यूआर कोडला नको. युनिसेफ, युनोची निर्वासित संस्था, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांची भारतात ऑफिसं आहेत, तिथे रुपयात देता येतं का ते विचारा आणि पावती घ्या. थेट परदेशी पाठवायचे तर बँकेतूनच, बँक कारण विचारेल, खरं सांगा. एफसीआरएची भीती बरेच जण घालतात, तो कायदा बाहेरून आत येणाऱ्या देणगीसाठी आहे, आपण बाहेर देतो त्यासाठी नाही. क्रिप्टोत मागणारा भेटला तर नमस्कार करून निघा.

आम्ही शंभर-दोनशे करत जमवतो, मोठा आकडा होत नाही, पण हिशोब भिंतीवर लावतो.

व्हिडिओ फॉरवर्ड करू का?

करू नका, आधी तपासा. व्हिडिओ गेमचा तुकडा युद्ध म्हणून फिरतो, सीरियाचा जुना फोटो गाझाचा म्हणून फिरतो, मे २०२५ मध्ये तर आपल्या टीव्हीवरसुद्धा काय काय फिरलं आठवा. फोटो गुगल लेन्सला टाकायला दहा सेकंद लागतात. आणि खरा असला तरी मेलेल्या पोराचा फोटो कोणाच्या सकाळच्या चहात कशाला टाकायचा.

तलावपाळीला उभं राहायला परवानगी लागते का?

लागते. ठाण्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वारंवार निघतात, पाच किंवा जास्त जण जमायचे तर आधी पोलीस स्टेशनला लेखी अर्ज, तारीख, वेळ, जागा, साधारण किती माणसं, स्पीकर नाही हे स्पष्ट लिहून. पोचपावती घ्या. एकदा आम्हाला नाही म्हटलं, मग त्या संध्याकाळी चार-चार जण वेगवेगळ्या बाकांवर बसून शेंगदाणे खात होतो, त्याला काय निदर्शन म्हणायचं का माहीत नाही.

कुठल्या पक्षाचे आहात?

कुठल्याच नाही. वेगवेगळ्या पक्षांना मत देणारे आहोत, निवडणुकीच्या महिन्यात बैठक ठेवत नाही.

यायचं कसं, आणि काय आणायचं?

नौपाड्याची खोली एका बंद पडलेल्या शिकवणी वर्गाची आहे, ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, चालत दहा मिनिटं. भिंतीवर अजून सातवीचं भूमितीचं सूत्र आहे. नेरूळला यायचं तर ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडा, रविवारी आधी मेगाब्लॉक बघा. मुलं आणली तरी चालतात, पण मग बॉम्बचे फोटो त्या दिवशी नाही. डबा आणू नका, भजी असतात. स्वतःचा कप आणा, आमच्याकडे अकराच आहेत आणि एकाची दांडी तुटलीय.